यलोस्टोनच्या वाटेवर ब्लॅक टँकची दुरुस्ती

सॉल्ट लेक सिटीहून आय-१५ धरून आयडाहो फॉल्स, तिथून यूएस-२० ने अ‍ॅश्टन, आयलंड पार्क करत वेस्ट यलोस्टोन, म्हणजे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम दारावरचं गाव. सव्वातीनशे मैलांच्या आसपासचा हा रस्ता मोटरहोमला (राहण्याची सोय असलेल्या गाडीला, म्हणजेच आरव्हीला) मानवणारा आहे. गीझर (जमिनीतून उडणारी गरम पाण्याची कारंजी), बायसन आणि सूर्यास्ताचे फोटो तुम्ही भरपूर पाहिले असतील, म्हणून मी लिहिणार आहे ते गाडीच्या पोटातल्या टाकीबद्दल. सोबत म्हातारी माणसं आणि लहान मूल असेल तर सहल कशी होणार हे बरंचसं त्या टाकीवर ठरतं.

आम्ही पाच जण होतो: बायको, मुलगी, पुण्याहून आलेले आई-बाबा आणि मी. गाडी सेकंडहँड, क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली), ब्लॅक टँक ३० गॅलनची, म्हणजे साधारण ११४ लिटर. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी सांगतो. गाडीत टाक्या तीन असतात. फ्रेश टँकमध्ये वापरायचं पाणी, ग्रे टँकमध्ये सिंक आणि शॉवरचं सांडपाणी, आणि ब्लॅक टँकमध्ये फक्त संडासाचं. डंप स्टेशनवर (सांडपाणी सोडायच्या ठरलेल्या जागी) ३ इंची होज लावून, व्हॉल्व्हचा दांडा ओढून ब्लॅक टँक रिकामी करतात. पण नुसतं उघडून सगळं जात नाही, कडेला आणि तळाला चिकटून राहतं. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत टँकच्या आत एक नॉझल बसवलेलं असतं. बाहेरच्या बाजूला ‘ब्लॅक टँक फ्लश’ लिहिलेल्या तोंडाला वेगळा पाइप जोडायचा, नळ सोडायचा, आणि आतून टँक धुऊन निघते. निदान निघायला हवी.

मॅडिसनचा कॅम्पग्राउंड पार्कमध्ये १४ मैल आत आहे. तिथे जागेवर वीज, पाणी, ड्रेनेज काही नाही, पण डंप स्टेशन आहे. सकाळी निघताना तिथे गाडी लावली. ब्लॅक टँक उघडली, रिकामी झाल्यासारखी वाटली. फ्लशचा पाइप जोडून नळ सोडला. होजच्या सुरुवातीला आम्ही पारदर्शक एल्बो, म्हणजे कोपराच्या आकाराचा जोड, लावलेला असतो (हा दहा-बारा डॉलरचा तुकडा घ्याच, टँकमधून काय येतंय हे दाखवणारी ती एकमेव खिडकी), तर त्या एल्बोत थेंबही येईना. तेवढ्यात बाथरूममधून बाबांचा आवाज आला, “अरे, भिंतीत पाणी वाजतंय! नळ बंद कर आधी.” नळ बंद करून आत जातो तर बेसिनखालच्या कपाटातून पाण्याचा ओघळ दारापर्यंत आलेला. पाणी स्वच्छ होतं, हे नशीब.

मागे चार गाड्या ताटकळत उभ्या. डंप स्टेशनवर दुरुस्ती काढायची नसते, हा तिथला अलिखित नियम आहे आणि तो रास्तच आहे. संडासातून दोन बादल्या पाणी ओतलं, झाकण घातलं आणि निघालो.

मॅडिसन ते ओल्ड फेथफुल हा प्रसिद्ध गीझर १६ मैल आणि पुढे वेस्ट थंबपर्यंत १७ मैल. मधे क्रेग पासचा ८,२६२ फुटांचा घाट लागतो. माथ्यावर आयसा लेक नावाचं छोटंसं तळं आहे. बर्फ वितळताना त्याचं पाणी दोन्ही बाजूंनी वाहतं, एकीकडून अटलांटिकच्या आणि दुसरीकडून पॅसिफिकच्या वाटेला लागतं. बाबांची नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. त्या तळ्यापाशी ते ओल्ड फेथफुलपेक्षा जास्त वेळ उभे होते. दरम्यान घाटाच्या वळणांनी आमचं काम फुकटात केलं: टँकमधलं पाणी डुचमळून तळ खरवडला गेला. फ्लश बंद पडला की हाच उपाय. थोडं पाणी आणि एंझाइम (मैला विरघळवणारं टँकचं औषध) घाला, वळणावळणाचा रस्ता घ्या, मग रिकामी करा.

खरी तपासणी फिशिंग ब्रिजला झाली. यलोस्टोनमध्ये वीज-पाणी-ड्रेनेज असं सगळं जागेवर मिळणारी सोय इथेच आहे. अस्वलांमुळे तंबू किंवा कापडी भिंतींची गाडी चालत नाही, टणक भिंतींचीच लागते. बुकिंग फार आधी भरतं.

मी आधी नळाकडून सुरुवात केली. पाइप सोडवून नुसता नळ उघडला, जोर चांगला होता. फ्लशच्या तोंडाशी रबरी वॉशरमागे एक बारीक जाळी असते, ती काढून पाहिली, तर तिच्यात रेती आणि चुन्याचे कण. अनेकांचा बिघाड इथेच संपतो. धुऊन जाळी बसवली, नळ अगदी थोडा सोडला, आणि बाबांनी भिंतीला कान लावला. “खाली नाही, वर वाजतंय. कमोडच्या वर.” तेव्हाच कारण कळलं.

फ्लशची लाइन तोंडापासून सरळ टँककडे जात नाही. ती आधी भिंतीतून वर, कमोडच्या पातळीच्याही वर चढते, तिथे व्हॅक्युम ब्रेकर असतो, आणि मग खाली टँकमध्ये उतरते. नळाचा दाब अचानक गेला तर टँकमधलं घाण पाणी उलटं पाइपात ओढलं जाऊ नये म्हणून ही योजना. हा ब्रेकर प्लॅस्टिकचा असतो. हिवाळ्यात लाइनमध्ये पाणी राहिलं की ते गोठतं, फुगतं, आणि सगळ्यात आधी हाच तडकतो. आमच्या आधीच्या मालकाकडे गाडीने एक हिवाळा उघड्यावर काढला होता. बेसिनमागची फळी चार स्क्रूंवर होती. ती काढून टॉर्च मारला. पांढऱ्या टोपीखाली मानेशी एक भेग, केसाएवढी. डोळ्यांना दिसली नसती, नखाला लागली. नळ सोडल्यावर तिच्यातून पाण्याचा पातळ पंखा फळीवर आपटत होता.

मला सुचलं, ब्रेकर काढून टाकू आणि दोन्ही पाइप थेट जोडू. बाबा ताडकन म्हणाले, “अजिबात नाही. मैल्याची लाइन आणि प्यायच्या पाण्याचा नळ यांच्यात तेवढाच पहारा आहे. तो काढायचा नाही.” इंटरनेटवर ही ‘युक्ती’ सांगणारे भरपूर भेटतील. ऐकू नका. तोंडाला टोपी लावली आणि सहलभर फ्लश बंद ठेवला.

परतताना आयडाहो फॉल्सला आरव्हीच्या दुकानात पार्ट मिळाला. जुना सुटा करून सोबत न्या, कारण जोडाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि काउंटरवर तोंडी वर्णन करून काही साधत नाही. आट्यांना टेफ्लॉन टेप, हाताने घट्ट आणि पान्याने जेमतेम थोडं. प्लॅस्टिक आवळून पुन्हा फोडू नका. फळी लावायच्या आधी दहा मिनिटं पाणी सोडून, कोरडा टिश्यू फिरवून बघा. आता नळ सोडला की टँकच्या भिंतीवर फवारा आपटल्याचा तडतड आवाज बाहेर उभं राहूनही ऐकू येतो.

तुमच्याकडे भिंत कोरडी असेल, पण आवाज मंद आणि एल्बोत पाणी बारीक, तर बहुतेक नॉझलची भोकं क्षारांनी बुजलेली असतात. नॉझल बाहेरून काढता येण्यासारखं असेल तर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. फवारा जोरात आहे आणि तरी एल्बोत गढूळ येतच राहतं, तेव्हा कमोडखाली ढिगारा साठलेला असतो किंवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही. दांडा शेवटपर्यंत येतो का ते पाहा. आणि ‘दोन तृतीयांश भरली’ असं कायम सांगणाऱ्या दिव्यावर जाऊ नका. सेन्सरवर कागद चिकटला की तो खोटंच बोलतो.

एक धोका मोठ्या अक्षरांत लिहावा असा आहे. व्हॉल्व्ह बंद ठेवून फ्लश सोडला तर जागचं हलू नका. मिनिटाला चार-पाच गॅलन पाणी आत जातं, म्हणजे ३० गॅलनची रिकामी टँक सहा-सात मिनिटांत भरते. मग ते पाणी कमोडमधून वर येतं किंवा छतावरच्या व्हेंट पाइपातून उडतं. यलोस्टोनमध्ये कारंजी पुरेशी आहेत.

माझं ठाम मत आहे की ब्लॅक टँकचे बहुतेक रोग पाण्याच्या कंजुषीतून होतात. आणि इथे आपली सवय कामी येते. आईने पहिल्याच दिवशी बाथरूममध्ये मग ठेवला. कागद कमी, पाणी जास्त, त्यामुळे टँकमध्ये चिकटण्यासारखं फारसं उरत नाही. टँक मात्र लवकर भरते, तेव्हा मुक्काम आखताना डंप स्टेशन आधी बघून ठेवा. पार्कमध्ये मॅडिसन, ब्रिज बे आणि ग्रँट व्हिलेजला ती आहेत. गारठा सुरू झाला की बंद होतात. फिशिंग ब्रिजसारख्या ठिकाणी ड्रेनेज जोडलेलं असलं तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही. नाहीतर पाणी निघून जातं आणि बाकीचं वाळत बसतं. दोन तृतीयांश भरू द्या, मग एकदम सोडा.

स्वयंपाकाचा त्रास ग्रे टँकला होतो. फोडणीचं तेल, भाताची शितं, चहाचा चोथा, सगळं तिथे जाऊन थिजतं आणि वास येतो. सिंकला बारीक जाळी लावा. कढई आधी कागदाने पुसून घ्या. आईला हे पटायला वेळ लागला: “अगं, भांडं पुसून काय घासायचं?” दुसऱ्या दिवसापासून मात्र ती स्वतःच कागद मागू लागली.

डंप करताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुऊन निघते. फ्लशसाठीचा पाइप वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या कप्प्यात ठेवा. प्यायच्या पाण्याचा पाइप डंप स्टेशनवरच्या धुण्याच्या नळाजवळही नेऊ नका. तिथे बहुधा दोन नळ असतात, पाटी वाचून मगच हात लावा. रबरी हातमोजे डझनभर असू द्या.

गाडी थंडीसाठी बंद करताना लोक सिंक, शॉवर, हीटर सगळ्यांच्या लाइनी रिकाम्या करतात आणि फ्लशची लाइन राहून जाते, कारण ती गाडीच्या बाकीच्या पाण्याच्या पाइपांना जोडलेलीच नसते. तिच्या तोंडाला कॉम्प्रेसर लावा, ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि ४० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) खाली हवा सोडा. एल्बोतून थेंब यायचे थांबले की झालं. सॉल्ट लेककडे हे काम ऑक्टोबरच्या मध्याआधी उरका.