पोर्ट बंद करून आणावे

हायड्रॉलिक जॅक, म्हणजे तेलाच्या दाबाने रॉड आत-बाहेर करणारे सिलिंडर, दुरुस्त करणाऱ्या आमच्या भोसरीच्या शेडवर पिवळ्या रंगात लिहिलंय : 'जॅक पोर्ट बंद करून आणावे.' पोर्ट म्हणजे तेल आत-बाहेर जायची भोकं. त्यांतून धूळ आत गेली की सीलचं (तेल अडवणाऱ्या रिंगांचं) वाटोळं होतं, म्हणून ही सक्ती. मे महिन्यातल्या एका बुधवारी खाणवाल्यांनी ती अगदी मन लावून पाळली.

वाघोलीकडच्या खाणीवरच्या बॅकहोचा बूम जॅक (मोठा हात उचलणारा) होता (कंपनी कुठलीही असो, लोक त्याला जेसीबीच म्हणतात). बोअर (नळीचा आतला व्यास) 110 मिलिमीटर, रॉड 65. दोन महिन्यांत दोनदा सील किट बदललेलं, तरी ग्लँडमधून (रॉड बाहेर येतो त्या तोंडाच्या झाकणातून) तेल येतच होतं. पहाटेच्या गारव्यात रॉड पूर्ण आत घेऊन त्यांनी जॅक उतरवला आणि दोन्ही पोर्टला लोखंडी प्लग टेफलॉन टेप गुंडाळून करकचून आवळले. मग उघडा टेंपो, नगर रोडचं ट्रॅफिक आणि डोक्यावर ऊन. आमच्याकडे पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला. गुरुवारी एमआयडीसीत लाईट नसते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत जॅक हवा म्हणून शेठचे फोनवर फोन.

ग्लँड आट्यांची. हुक पाना लावला, दांड्याला पाइप घातला, दोघं लोंबकळले, पण ती जागची हलेना. टर्नर काका म्हणाले, "लॉकटाइट लावलंय वाटतं, तापवावं लागेल." लॉकटाइट म्हणजे आटे पक्के धरणारा गोंद, त्यामुळे यात वावगं काहीच नाही. कडक लॉकटाइट अडीचशे अंशांच्या आसपास गेल्याशिवाय सुटत नाही. पोराने गॅस पेटवला, नोझल ग्लँडकडे नेलं, तेवढ्यात मला दोन्ही प्लग जागेवर दिसले.

"काका, प्लग काढले नाहीत?"

"तेल सांडेल म्हणून ठेवलेत. ट्रे आणायला पाठवलंय."

आता हिशोब बघा. रॉड आत म्हणजे पिस्टन तळाला टेकलेला आणि रॉडच्या बाजूची सगळी जागा तेलाने शिगोशिग भरलेली. कोंडलेल्या तेलाचं तापमान एक अंशाने वाढलं की दाब साधारण 8 ते 10 बारने वाढतो (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका). आत थोडी हवा राहिली असेल तर कमी, पण तिच्या भरवशावर कोण राहणार? पहाट ते दुपार, त्यात उन्हात तापलेलं लोखंड, 25 अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे 200 ते 250 बार, बॅकहोच्या चालू दाबाइतकाच. रॉड वजा जाता ग्लँडवरचं क्षेत्रफळ जवळपास बासष्ट चौरस सेंटिमीटर भरतं. 250 बारला जवळजवळ 16 टन झाले. आटे हे वजन रोज झेलतात, पण सगळे आटे धरलेले असताना. ग्लँड अर्धी फिरलेली, उरलेले दोन आटे गॅसने लाल, आणि समोर वाकून पाना मारणारा माणूस, असं असताना नाही. वर त्या ज्योतीने तेल आणखी दहा अंश तापलं की दाब आणखी शंभर बार.

ग्लँड हलत नव्हती ती लॉकटाइटमुळे नव्हे, आट्यांवर बसलेल्या याच वजनामुळे. जाम होणं हीच खूण होती, आणि तिच्यावरचा उपाय म्हणून आम्ही तिलाच आग लावायला निघालो होतो.

गॅस बंद केला. जॅक सावलीत घेतला, ओली पोती टाकली, तासभर हात लावला नाही. मग प्लगवर जाड पोतं, लांब पाना, तोंड बाजूला, आणि एका वेळी पाव फेरा. तिसऱ्या पावाला आट्यांतून बारीक फवारा पोत्याच्या फटीतून निघून समोरच्या पत्र्यावर सप्पकन बसला. तासभर गार करूनही! अशा फवाऱ्यापुढे बोट धरून गळती शोधणारे मेकॅनिक अजून आहेत. तेल कातडीत घुसतं, वर सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही. काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर बोट जातं, कधी हातही. गळती शोधायला पुठ्ठा धरायचा.

दोन्ही प्लग निघाल्यावर ग्लँड त्याच हुक पान्याने, गॅसशिवाय सुटली.

ग्लँड सुटली, पण रॉड ओढून येईना. पोराने सवयीने हवेचा पाइप उचलला. त्याला तिथेच थांबवलं. कंप्रेसरची हवा 8 बारचीच, पण 110 च्या बोअरवर ती पाऊण टन ढकलते. तेलाचा दाब रॉड जरा सरकला की पडतो. हवा मात्र फुगत जाते आणि रॉड शेडच्या पलीकडे भिरकावते. चेनब्लॉक लावून सरळ ओढला.

आतलं दुखणं पाच मिनिटांत कळलं, कारण जुनं सील हातात घेऊन पाहिलं. आधीच्या दोन्ही ठिकाणी ते न बघताच भंगारात गेलं असणार. सील कडक होऊन तडकलं असेल तर उष्णता, उभे ओरखडे असतील तर घाण, कड कुरतडलेली असेल तर गाळा (भागांमधली फट) जास्त, करपलेली असेल तर आत अडकलेली हवा. हे एकाच बाजूने झिजलेलं होतं, म्हणजे आडवा जोर. व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) रॉड फिरवला तर मधोमध डायल गेजचा काटा 0.8 मिलिमीटर हलला, म्हणजे रॉड वाकलेला. पिनचा बुश खाल्लेला, ग्लँडमधला गाइड बँड (रॉड मध्यावर धरणारा पट्टा) एका अंगाने गेलेला. अशा रॉडवर दहा किट चढवा, तेल येणारच. नवा क्रोम रॉड, बुश, बँड आणि मगच किट. शेठला बुधवारऐवजी शनिवार मिळाला आणि त्यांनी तो ऐकवलाही.

काकांना बोल लावता येत नाही. प्लग ठेवायला आमच्याच बोर्डाने सांगितलं होतं, कुठला ते सांगितलं नव्हतं. साधी प्लास्टिकची टोपी असती तर दाब वाढल्यावर वाटेतच उडाली असती, टेंपोत थोडं तेल सांडलं असतं, बस्स. म्हणून बोर्डावर 'फक्त प्लास्टिकच्या टोप्या, लोखंडी प्लग नको' असं वाढवून घेतलं.

परवा मोशीहून एक जॅक आला. दोन्ही पोर्टांत चिंध्या कोंबलेल्या. सुताचे दोरे चिमट्याने वेचण्यात अर्धा दिवस गेला.