ती चिमणी कशाला काढतो मी

आज एका मित्राने विचारलं, तुझ्या प्रत्येक डिजिटल चित्रात ती चिमणी कशाला असते रे? पक्षी नाही हो, कापड गिरणीची. आजोबा साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणणारे, लोअर परळला, १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला त्यात अडीचेक लाख कामगार बाहेर पडले त्यातले एक, बाकी घरात कोणी फार बोलत नाही त्यावर.

तर मी काय करतो, खालच्या लेयरवर आधी सगळी गिरणी काढतो, साचे, भोंगा, गेटवरची गर्दी, आणि वर काचेचे टॉवर, मग टॉवरची ओपॅसिटी कमी करतो म्हणजे खालचं दिसत राहतं, आणि खरं सांगू तिथे आजही तसंच आहे की, मॉलच्या आवारात चिमणी उभी आणि लोक तिच्यासमोर सेल्फी काढतायत. कमेंटमध्ये सगळे लिहितात "नॉस्टॅल्जिया". अरे नॉस्टॅल्जिया कसला, राग आहे तो! रंग छान दिसतात म्हणून कळत नसेल कदाचित.

पुढचं चित्र खानावळ चालवणाऱ्या बायकांचं करतोय, एकेकीने कितीतरी कामगार जेवू घातले. कोणाच्या घरी जुने फोटो असतील तर पाठवा प्लीज, खोलीचे, डब्यांचे, कसलेही चालतील.