पडद्यावरच्या ओळी थांबल्या तेव्हा

मराठी नाटक परभाषिक प्रेक्षकांपुढे होत असताना रंगमंचाच्या वरच्या पडद्यावर इंग्रजी उपशीर्षके चालवणे, हे माझे काम. नाट्यमहोत्सवांच्या इतिहासात ते फार उशिरा आले. संगीत नाटक अकादमीने 1954 साली दिल्लीत राष्ट्रीय नाट्यमहोत्सव भरवला आणि मुंबई मराठी साहित्य संघाने तेथे खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ सादर केले, तेव्हा मराठी न जाणणाऱ्या प्रेक्षकाला नटांचा आवाज आणि अभिनय यांवरच बरीचशी भिस्त ठेवावी लागली असणार. प्रयोग चालू असताना पडद्यावर ओळी झळकवण्याची पद्धत 1983 मध्ये टोरांटोच्या ऑपेरामंडळीने सुरू केली आणि पुढे ती नाटकांतही आली. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या भारत रंग महोत्सवाला 1999 मध्ये प्रारंभ झाल्यानंतर तर एकाच शहरात लागोपाठ अनेक भाषांची नाटके पाहण्याची प्रेक्षकांना सवय लागली.

ज्या प्रयोगाविषयी सांगायचे आहे तो दिल्लीतच, मंडी हाऊस परिसरातील एका महोत्सवात झाला. नाटक दोन अंकी होते. वाडा विकण्यावरून घरात उभे राहिलेले भांडण हा त्याचा विषय. प्रकाशयोजनाकाराच्या शेजारी, काचेमागे, समोर संहिता आणि लॅपटॉप घेऊन मी बसलो होतो. या कामात बोटाला नटाचा श्वास कळावा लागतो. ओळ क्षणभर आधी पडली, तर वाचणारे प्रेक्षक नट बोलण्यापूर्वीच हसतात आणि नटाचा हशा वाया जातो. त्यामुळे अशा सभागृहात एरवी दोन हशे ऐकू येतात, एक मराठी जाणणाऱ्यांचा आणि त्याच्या मागेपुढे दुसरा वाचणाऱ्यांचा.

दुसऱ्या अंकात थोरल्या भावाचे काम करणारे ज्येष्ठ नट एका वाक्यावर आले. तेच वाक्य संहितेत चार पानांनंतर पुन्हा येते. पहिल्या जागी ते म्हणून झाल्यावर त्यांनी थेट दुसऱ्या जागेचा पुढचा संवाद उचलला आणि मधला मृत्युपत्राचा सगळा भाग उडाला. मी लगेच पडदा काळा केला, कारण चुकीच्या ओळीपेक्षा कोरा पडदा केव्हाही बरा. स्लाइडचा क्रमांक टाइप करून हव्या त्या ठिकाणी उडी मारता येते. संहितेच्या समासात प्रत्येक प्रसंगाचे क्रमांक मी पेन्सिलीने लिहून ठेवतो, ते अशाच वेळेसाठी. परंतु मी नव्या जागेवर पोहोचतो न पोहोचतो, तोच धाकट्या सुनेचे काम करणाऱ्या नटीने, मृत्युपत्राचा उल्लेख राहिला तर शेवट कोणालाच कळणार नाही हे ओळखून, “पण दादा, मामंजींनी लिहून ठेवलंय त्याचं काय?” असा संहितेत नसलेला प्रश्न टाकला. तिची ही अ‍ॅडिशन इतकी सहज होती, की प्रकाशयोजनाकारालाही क्षणभर ती मूळची वाटली.

त्यानंतर काही मिनिटे दोघे गाळलेल्या चार पानांतील मजकूर उलटसुलट क्रमाने, स्वतःच्या शब्दांत आणत राहिले. माझ्याजवळ त्या शब्दांच्या ओळीच नव्हत्या. काचेतून मला प्रेक्षकांच्या पाठी दिसत होत्या. आतापर्यंत दर वाक्याला किंचित वर उचलली जाणारी डोकी हळूहळू खाली आली आणि स्थिर झाली. थोरल्या भावाने कागद मागण्यासाठी हात पुढे केला आणि सुनेने पदर खोचत पाठ फिरवली, तेव्हा सबंध सभागृह एकदमच हसले. मृत्युपत्राची तारीख आली आणि मी चार स्लाइड मागे जाऊन नेमकी तीच ओळ दाखवली, मग पुन्हा काळोख, मग पुढच्या प्रसंगापासून सुरळीत.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकांशी झालेल्या चर्चेत एका बंगाली विद्यार्थिनीने विचारले, की भांडणाच्या ऐन भरात भाषांतर काढून घेण्याची कल्पना तालमीत सुचली की संहितेतच होती. दिग्दर्शकांनी अत्यंत गंभीरपणे सांगितले, की तालमीत. बाहेर आल्यावर मात्र ते मला म्हणाले, “पुढच्या प्रयोगातही तेवढा वेळ पडदा काळाच ठेव.” मी नकार दिला. हशा मलाही आवडला होता. पण मृत्युपत्रावरची तारीख वाड्याच्या सौद्याच्या आधीची आहे, हे न कळलेल्या प्रेक्षकाला धाकटा भाऊ शेवटी सही का करत नाही याचा उलगडा होणार नाही. थोड्या घासाघिशीनंतर पदर खोचण्याची जागा कोरी आणि तारखेची ओळ कायम, एवढ्यावर आमचे जमले.