शून्य अपघातांचा रस्ता

रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या आमच्या संस्थेच्या यादीत ती शाळा शेवटून कुठेतरी होती. देवगड आणि मालवणच्या मधलं गाव, रेवस-रेड्डी सागरी मार्गाच्या वरच्या अंगाला जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, खालच्या अंगाला खाडीकडची वाडी. पोलिसांत नोंदलेले अपघात शून्य. अशा ठिकाणी आम्ही जानेवारीत, रस्ता सुरक्षा अभियानाच्या दिवसांत, चित्रकला स्पर्धा घेतो, 'आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे' असं मुलांकडून म्हणून घेतो आणि पहिल्या नंबराला कंपासपेटी देतो. फोटो काढले की अहवाल तयार. मला या स्पर्धांचा मनापासून कंटाळा आहे, पण देणगीदारांना फोटो लागतात.

जुलैत तिथे जायला कारण झालं बाईंचा फोन. तिसरी-चौथीला शिकवणाऱ्या बाई. त्यांना शाळेसमोर गतिरोधक हवा होता, आणि ग्रामपंचायतीच्या खटपटीमुळे रस्त्याच्या खात्याचे उपअभियंते पाहणीला येणार होते. "ताई, तुम्ही मोजमाप वगैरे करता ना? तुम्ही असलात तर बरं होईल," असं म्हणाल्या.

मी सकाळीच पोचले. पाऊस लागलेलाच होता. शाळेच्या पायऱ्यांशी वाडीतली एक आई मुलाला सोडून परत निघाली होती, अंगावर भातलावणीचे चिखलाचे कपडे. तिला रस्त्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "आदी खड्डे होते ता बरा होता. गाडये दमान येयत. आता नुसते सुटतत." मेमध्ये रस्त्याचं डांबरीकरण झालं होतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या रडकथेवर पोसलेली आम्ही माणसं, 2011 पासून त्या चौपदरीकरणाची वाट बघणारी, आम्हाला खड्ड्याचं कौतुक ऐकायची सवय नाही. पण तिचं बरोबर होतं. त्या वळणावर वर्षानुवर्षं गाड्यांचा वेग आवरण्याचं काम खड्डेच करत होते. डांबर गुळगुळीत झालं, वळण होतं तसंच राहिलं.

वळण असं की, शाळेकडून खाली उतरलं की उजव्या हाताला एका कलमाच्या बागेचा जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, त्यावर घाणेरीचं रान माजलेलं, आणि गडग्याच्या आतून रस्त्यावर झुकलेला काजू. गाडी त्याच बाजूने येते.

साहेब यायला वेळ होता म्हणून मुख्याध्यापकांची परवानगी काढून सातवीच्या मुलांना घेतलं. वेग, वेळ, अंतर हा त्यांचा गणिताचाच भाग. शाळेच्या वरच्या कठड्याआड सगळ्यांना उभं केलं आणि कडेला 30 मीटरवर दोन बांबूच्या काठ्या रोवल्या, टोकाला लाल चिंध्या. चुन्याच्या खुणा पावसात टिकल्या नसत्या. गाडीचं पुढचं चाक पहिल्या काठीशी आलं की एकाने हात खाली करायचा, दुसऱ्या काठीशी आलं की दुसऱ्याने, आणि तिसऱ्याने माझ्या फोनवरचं घड्याळ सांभाळायचं. गाडी कुठली हे एक मुलगी वहीत लिहीत होती: एसटी, टेम्पो, खडीचा डंपर, 'एमएच बारावाले'. (पुणेकर. माझं काही म्हणणं नाही, मुलांनीच वेगळा रकाना केला.)

बहुतेक गाड्या 30 मीटर दोन सेकंदांत पार करत होत्या. मुलांनी फळ्यावर गणित मांडलं: सेकंदाला 15 मीटर, म्हणजे तासाला 54 किलोमीटर. मग शाळेच्या पडवीत रस्त्याच्या रुंदीएवढे साडेपाच मीटर आखले आणि दुसरीतल्या एकाला रेनकोट-दप्तरासकट चालायला लावलं. पाच सेकंद. शेवटी मी आणि बाई खाली उतरलो आणि मुलं जिथून ओलांडतात तिथून येणारी गाडी किती लांबवर दिसते ते टेपने मोजलं. उभ्याने बरंच दिसत होतं. दुसरीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला टेकलं की 38 मीटर.

सेकंदाला 15 मीटर आणि 38 मीटर. फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाने भागाकार केला आणि तो फळ्याकडेच बघत राहिला. गाडी दिसल्यापासून अंगावर यायला अडीच सेकंद. ओलांडायला पाच.

आमच्या 'उजवीकडे-डावीकडे-उजवीकडे'चं तिथे काय होतं, ते बघा. पोर सांगितल्याप्रमाणे तिन्ही वेळा बघेल, रस्ता मोकळा दिसेल, पाऊल टाकेल, आणि मध्यावर असताना गाडी गडग्याआडून बाहेर येईल. त्याने काहीही चुकवलेलं नसेल. टांझानियात दार-ए-सलामला 'अमेंड' नावाची संस्था म्हणूनच आधी शाळेभोवतीचा रस्ता तपासते, पायवाट करते, वेग आवरते, लागलं तर शाळेचं फाटक हलवते, आणि मुलांना शिकवण्याचं काम त्याच्या जोडीने करते. त्यांच्या 'सरसाई' कार्यक्रमाला शहरांसाठी दिला जाणारा 2019 चा रॉस पुरस्कार मिळाला. आमच्याकडे कंपासपेट्या स्वस्त पडतात.

अकराच्या सुमारास साहेब आले. माणूस चांगला, चिडका नव्हे. चहा नको म्हणाले आणि थेट फाइल उघडली. पहिला प्रश्न, "इथे अपघात किती झाले?"

सरपंच म्हणाले, एकदा एक सायकलवाला पडला होता, पण तो स्वतःहून. मुख्याध्यापक गप्प.

"मग अवघड आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी नियम समजावून सांगितला. महामार्गावर 'ब्लॅक स्पॉट' ठरायला साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावे लागतात, नाहीतर दहा मृत्यू. तो नियम राष्ट्रीय महामार्गांसाठीचा, पण प्राधान्य ठरवताना इथेही पहिली विचारणा तीच. शिवाय अशा रस्त्यावर गतिरोधक कुणाच्या मनाला आला म्हणून टाकता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीकडे प्रस्ताव जातो. मी आमचे वेगाचे आकडे पुढे केले. त्यांनी नीट वाचले, मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, "पण नोंद?"

तेव्हा बाई उठल्या आणि कपाटातून हजेरीपट घेऊन आल्या.

मला वाटलं पटसंख्या दाखवायची असेल. त्यांनी जूनचं पान उघडलं आणि वाडीतल्या मुलांच्या नावांवर पट्टी ठेवली. लाल खुणा त्या ओळींत नुसत्या सांडल्या होत्या. वरच्या वाड्यांतल्या मुलांच्या ओळी जवळपास स्वच्छ. मग मागच्या वर्षीचा हजेरीपट, तोच महिना, तीच मुलं, आणि तिथे लाल खुणा तुरळक. मागच्या वर्षी रस्ता खड्ड्यांचा होता.

"लावणीचे दिवस आहेत," मुख्याध्यापक म्हणाले. "घरात माणूस नसतं. दरवर्षीचंच आहे."

"सर, लावणी वरच्या वाडीतही असते," बाई म्हणाल्या. "त्यांची मुलं येतात. आणि लावणी मागच्या वर्षीही होतीच."

मी गेली काही वर्षं या क्षेत्रात आहे, मूल्यमापनाच्या कार्यशाळा केल्यात, तुलना गट कसा निवडावा यावर जेवणापर्यंत चालणारी भाषणं ऐकलीत. बाईंनी ते एका पट्टीवर दाखवलं. लावणी दोन्हीकडे, पाऊस दोन्हीकडे, ताप दोन्हीकडे. फरक फक्त रस्त्याचा. सकाळी भेटलेल्या आईला मी जाता जाता विचारलं होतं, उद्या मुलाला पाठवणार ना? ती म्हणाली होती, "मी लावणीक गेलंय तर तेका रस्त्यापल्याड कोण न्हेतलो? माका भिया वाटता." तेव्हा मी ते नुसतं ऐकून घेतलं होतं.

या वाडीला दोन वर्षांपूर्वीपर्यंत स्वतःची शाळा होती. पट घटला आणि ती वरच्या शाळेत समायोजित झाली. राज्यात 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या 1,300 च्या आसपास शाळा बंद करायचं ठरलं, तेव्हापासून कोकणातल्या वाड्यावाड्यांत हा धसका आहे, कारण इथली वस्तीच विखुरलेली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. इथे आहे, त्याहूनही जवळ. समायोजनाच्या कागदावर अंतर लिहिलेलं आहे, मधे काय आडवं जातं ते विचारणारा रकाना त्यात नाही.

जगात रस्त्यावर वर्षाला सुमारे 11.9 लाख माणसं मरतात, आणि 5 ते 29 वयाच्या मृत्यूंचं ते पहिल्या क्रमांकाचं कारण आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेचा 2023 चा अहवाल सांगतो. भारतात 2022 मध्ये 1,68,491. हे आकडे मी प्रत्येक भाषणात वापरते. या वाडीचा रस्ता त्यात कधीच येणार नाही, कारण इथल्या आयांनी अपघात टाळण्याचा खात्रीचा उपाय शोधला होता: पोर घरी ठेवायचं.

साहेबांनी हजेरीपट स्वतःकडे ओढून घेतला, पानं मागेपुढे केली. मग म्हणाले, "चला, जागा बघू."

खाली उतरलो. छत्र्या होत्या, पण वाऱ्यापुढे काय. साहेब उभ्याने बघून म्हणाले, दिसतंय तसं ठीकच. तेवढ्यात बाईंच्या मागे-मागे आलेली तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "सर, तुमी खाली बसा, मगे कळतला." बाईंनी तिला डोळे वटारले. साहेब मात्र हसले, पँट वर ओढून उकिडवे बसले, आणि त्यांचं डोकं तिच्या डोक्याच्या उंचीला आलं. त्याच वेळी वळणावरून एसटी आली आणि आम्हा सगळ्यांना चिखलाची आंघोळ घालून गेली.

"इथून तर काहीच दिसत नाही हो," ते म्हणाले. उठले, चष्मा पुसला, आणि मग माझ्याशी बोलले ते इंजिनियर म्हणून. गाडी थांबवायला लागणारं अंतर काढताना चालकाचा डोळा रस्त्यापासून 1.2 मीटरवर धरतात, समोरची वस्तू 15 सेंटिमीटरची. 50 च्या वेगाला 60 मीटर दिसायला हवं. "रस्त्यात काय आहे ते चालकाला दिसावं, असा तो हिशोब. पोराला गाडी दिसते का, हे आम्ही बघत नाही." त्यांनी खिशातून टेप काढला आणि पुन्हा मोजलं. 38 आलं. कागदावर लिहिलं आणि खाली सही केली. आमच्या आकड्यापेक्षा ती सही जास्त कामाची, हे मी तेव्हाच ओळखलं आणि फोटो काढून ठेवला.

घाणेरी त्याच आठवड्यात साफ झाली, काजूची फांदीही गेली. गडग्याचं मात्र घोंगडं भिजत पडलं, कारण बागेचे मालक मुंबईत. फोनवर म्हणाले, गणपतीला येईन तेव्हा बोलू. आले, आरत्या झाल्या, बोलणं झालं. अख्खा गडगा मागे घ्यायला तयार नाहीत, वरचे दोन थर उतरवू दिले. आता खाली बसून 50 मीटरच्या थोडं पुढे दिसतं. कमीच आहे. म्हणून ओलांडायची जागा सरळ पट्ट्याकडे सरकवली आणि शाळेचं फाटक बंद करून मागच्या पाखाडीकडून, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, आत जायची सोय केली. पाखाडीच्या पायऱ्या ग्रामस्थांनी श्रमदानाने नीट केल्या. लावणी संपेपर्यंत वरच्या वाडीतल्या दोन आजोबांनी सकाळ-संध्याकाळ हातात लाल कापड धरून मुलांना पार केलं. रंबलर (गाडीला हादरे देऊन सावध करणारे आडवे पट्टे) आणि शाळेच्या पाट्या मंजूर आहेत, पण डांबर कोरडं झाल्याशिवाय पट्टे बसत नाहीत, म्हणजे दिवाळीनंतर. गतिरोधकाचा प्रस्ताव समितीकडे गेलाय. त्याच्यासोबत हजेरीपटाच्या झेरॉक्स टाचल्या आहेत. नमुन्यात त्यांच्यासाठी जागा नव्हती, साहेबांनीच 'सोबत जोडले' म्हणून हाताने लिहिलं.

बाईंची पट्टी मी आता इतर शाळांतही वापरते. रस्त्यापलीकडच्या मुलांची हजेरी वेगळी काढा, एवढंच सांगते. परवा एका शाळेत तसंच केलं तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंची मुलं सारखीच येत होती. गैरहजर होती ती वहाळापलीकडची, कारण तिथला साकव, ओढ्यावरचा छोटा पूल, पुरात गेलाय आणि वहाळाला पाणी असेपर्यंत वळसा फार पडतो. साकव रस्ता सुरक्षेत बसत नाही, असं आमच्या कार्यालयाने कळवलं. हजेरीपटाच्या झेरॉक्स मी काढून आणल्या आहेत, अर्ज कुणाच्या नावे करायचा ते सरपंचांना विचारून ठेवलंय.