विसाव्या दिवशी जेवले असते तर

काल रात्रीपासून तोच प्रश्न डोक्यात घुमतोय. आणि विचारणारी कोण, तर आत्ता आत्ता यायला लागलेली, बायबलमधलं कलस्सैकरांस पत्र शोधायला अनुक्रमणिका उघडणारी मुलगी.

बायबल स्टडीला विषय माझाच होता, खोटी शिकवण कशी ओळखायची. दोन आठवडे तयारी केली. एरियस नावाचा धर्मगुरू म्हणायचा पुत्र, म्हणजे येशू, निर्माण केलेला आहे, मग ३२५ मध्ये बिशपांची निकियाची परिषद भरली आणि तो पित्याशी एकतत्त्वाचा आहे हे मतांगीकारात, म्हणजे मंडळीच्या विश्वासाच्या कबुलीत, आलं, सगळं तोंडपाठ. ते पत्र ज्यांना लिहिलं त्या कलस्सैच्या मंडळीत काय चाललं होतं तेही सांगितलं, देवदूतांची उपासना, सण, अमावास्या, शब्बाथ, याला हात लावू नको, ते चाखू नको. येशूला कोणी काढून टाकलं नव्हतं, फक्त त्याच्या शेजारी थोडं थोडं काहीतरी ठेवत गेले, असं म्हणाले आणि स्वतःवरच खूश झाले.

मग साक्ष द्यायची हौस आली. २१ दिवस उपास पुरा केला आणि बाविसाव्या दिवशी काम झालं, असं सांगितलं. तर ही म्हणते, "ताई, विसाव्या दिवशी जेवला असतात तर येशूने केलं नसतं का?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पाळकांनी लगेच डोळे मिटून प्रार्थना सुरू केली.

रात्रभर राग. एवढी वर्षं मीच शिकवायचं, आजारी असले तरी मीच, आणि शेवटी माझीच उलटतपासणी! उपास काय चुकीचा आहे का, येशूने स्वतः ४० दिवस केला, 'तुम्ही उपास करता तेव्हा' असं तोच म्हणतो. बचावाचं वचन मला कसं झटकन सापडतं बघा.

पण ती उपास चुकीचा म्हणालीच नव्हती. जेवला असतात तर, एवढंच. आणि खरं सांगायचं तर विसाव्या दिवशी चक्कर येत होती, तरी मी घास घेतला नाही, कारण भीती वाटली. कोणाची ते... असो.

सकाळी वही काढली. पेन्सिलीने मारलेल्या २१ खुणा, दुधवाल्याच्या हिशोबासारख्या. आपल्यावरचा ऋणलेख, म्हणजे पापांच्या देण्याचा कागद, येशूने वधस्तंभाला खिळून टाकला हे मीच दोनदा शिकवलंय, आणि इकडे मी नवीन खातं उघडून बसले होते. खोडायला घेतल्या. चार खोडल्यावर लक्षात आलं की मी मोजून खोडतेय.

वही बंद केली, चहा टाकला.