जीभ शाबूत, कान गेले

ग्वाल्हेरच्या मराठी लोकांनी आपली संस्कृती किती छान जपली आहे, असं पाहुणे म्हणाले की माझ्या डोळ्यांसमोर आधी श्रीखंड येतं. संक्रांतीची गुळपोळी, कोजागरीचं मसाला दूध, गणपतीतले मोदक, कशातच आमच्या लष्कर भागातल्या घरांनी खंड पडू दिला नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, तेव्हापासूनची ही वस्ती. जीभ शाबूत राहिली. कान मात्र गेले.

चातुर्मासात आजी मला कीर्तनाला न्यायची. (माझा डोळा खिरापतीवर.) बुवा अंगरखा-उपरण्यात उभे, मागे पेटी-तबला. पूर्वरंगात, म्हणजे निरूपणाच्या पहिल्या भागात, तुकोबांचा एकच अभंग तासभर उलगडत बसायचे, तेवढ्यात आजीच्या मांडीवर माझी झोप व्हायची. मध्यंतरात कपाळाला बुक्का लागला की त्या वासानेच जाग यायची, ती नेमकी आख्यानाच्या तोंडावर. एकदा झाशीच्या राणीचं आख्यान लागलं. जून १८५८, राणी पडली ती आमच्याच गावात. बुवांनी कटाव धरला, म्हणजे एका दमात म्हणायचं वेगवान पद्य. घोडा, नाला, तलवार, कुठे श्वास घ्यायला जागा नाही आणि झांज चढत चाललेली! त्यानंतर फूलबागेतल्या समाधीवरून जाताना माझी सायकल आपोआप हळू व्हायची.

साकी, दिंडी, कटाव हे कीर्तनातले पद्यप्रकार कानात बसले ते असे. शाळा हिंदी, तिथे हे कोण शिकवणार? माझ्या मुलीला मराठी येतं, पण 'पोळी वाढ', 'दार लाव' इतपत. अभंगाच्या दुसऱ्या ओळीलाच ती माझ्याकडे बघते.

हिंदीला दोष देण्यात अर्थ नाही. ग्वाल्हेरच्याच ढोलीबुवांची कीर्तनाची परंपरा याच हिंदी मुलखात टिकली. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या पहिल्या सकाळी तानसेनाच्या समाधीपाशी त्यांची हरिकथा होते, मिलादही (पैगंबरांच्या स्तुतीचं पठण) होतो. ऐकायला माणसं बसली की कीर्तन टिकतं, भाषा कुठलीही असो. आमच्याकडे बसणारेच उरले नाहीत.

यंदा मंडळाच्या बैठकीत म्हटलं, गणपतीत एक दिवस कीर्तन ठेवू. वेशभूषा स्पर्धा आणि जेवण यांच्या मधला अर्धा तास मिळालाय. "पूर्वरंग गाळायला सांगा हो बुवांना," कार्यवाह म्हणाले, "लोकांना भुका लागतात." पेटीवाले काका तयार आहेत. बुवा पुण्याहून बोलवायचे की इथलेच, यावर अजून वाद चालू आहे.