लोकसंख्याशास्त्रात नेटच्या अर्जापासून पहिल्या परिषदेपर्यंत : माझा अनुभव

लोकसंख्या अभ्यास हा यूजीसी नेटच्या यादीतला १५ क्रमांकाचा विषय. परीक्षेला बसणारे मोजके, म्हणून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणारी कनिष्ठ फेलोशिप, तीही मोजक्यांनाच मिळते. विषय छोटा म्हणजे वाट सोपी, असं मात्र अजिबात नाही. नेटचा अर्ज, फेलोशिपचे पैसे आणि पहिली आंतरराष्ट्रीय परिषद या वाटेवर मला कुठे वेळ द्यावा लागला आणि कुठे तो हकनाक गेला, तेवढंच इथे लिहिते आहे. कोणती पुस्तकं वाचायची हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कागद, तारखा आणि आकडेमोड यांबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

अर्जापासूनच सुरुवात करते. नेट साधारणपणे आपल्या पदव्युत्तर पदवीच्याच विषयात द्यायची असते. अर्थशास्त्र किंवा भूगोलात एमए केलेल्यांनी केवळ गर्दी कमी म्हणून लोकसंख्या अभ्यास निवडू नये. त्यांनी आपल्या विषयात जेआरएफ मिळवावी आणि पीएचडीसाठी मुंबईत देवनारची आयआयपीएस (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था) किंवा दुसरी संस्था कोणकोणत्या विषयांतले उमेदवार घेते, ते तिच्या माहितीपत्रकात पाहावं. महाराष्ट्राची सेट परीक्षा सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेपुरती आहे, तिच्यातून फेलोशिप मिळत नाही.

महाराष्ट्रातल्या मुलामुलींचं दाखल्यापाशी हमखास अडतं. राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअर दाखला इथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला आणि केंद्रीय ओबीसी यादीप्रमाणे दिलेला लागतो. राज्यात व्हीजेएनटी किंवा एसबीसीत मोडणाऱ्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसी आहेत, पण आपली जात त्या यादीत प्रत्यक्ष सापडल्याशिवाय प्रवर्ग भरू नका. एसईबीसी हा प्रवर्ग राज्यापुरता आहे, नेटच्या अर्जात तो नसतो. सेतू केंद्रात अर्ज देतानाच ‘केंद्र सरकारच्या कामासाठी’ असं सांगा आणि दाखला हातात आला की वरचं शीर्षक तिथेच उभं राहून वाचा. जेआरएफसाठी वयाची अट ३० वर्षांची आहे; स्त्रियांना आणि एससी, एसटी, ओबीसी (नॉन-क्रीमीलेअर), दिव्यांग व तृतीयपंथी उमेदवारांना त्यात ५ वर्षांची सवलत मिळते.

परीक्षा तीन तासांची, सलग. पहिल्या पेपरात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, प्रत्येकी दोन गुण, म्हणजे एकूण ३०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. पण जेआरएफ आणि नुसती पात्रता यांतला फरक बहुतेकांच्या बाबतीत दुसऱ्या पेपरातल्या आकडेमोडीने पडतो, असं माझं ठाम मत आहे. सिद्धान्त सगळेच पाठ करतात. गणित मात्र रोज हाताने सोडवलं तरच त्या तीन तासांत हाताशी येतं.

एक नमुना घेऊ. दर हजार स्त्रियांमागे वयोगटवार जननदर दिले आहेत: १५–१९ मध्ये ४०, २०–२४ मध्ये १६०, २५–२९ मध्ये १३०, पुढच्या चार गटांत ५०, १५, ४ आणि १. बेरीज ४००. घाईत अनेकजण इथेच थांबतात आणि ०.४ वर खूण करतात. प्रत्येक गट पाच वर्षांचा आहे, म्हणजे स्त्री त्या दराखाली पाच वर्षं घालवते. म्हणून ४०० ला ५ ने गुणून १००० ने भागायचं: एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात होणारी सरासरी मुलं, २.०. आता जन्मावेळी १०० मुलींमागे १०५ मुलगे असतील, तर २०५ जन्मांत मुली १००, म्हणजे वाटा ०.४८८. २.० ला त्याने गुणलं की स्थूल पुनरुत्पादन दर, म्हणजे एका स्त्रीमागे होणाऱ्या मुली, ०.९७६. निव्वळ पुनरुत्पादन दर याहून कमीच येणार, कारण मुलगी आई होण्याच्या वयापर्यंत आणि पुढे जगेल का, हेही त्यात मोजलं जातं. निव्वळ दर स्थूल दरापेक्षा मोठा दाखवणारा पर्याय त्यामुळे काहीही न मोजता खोडता येतो.

जीवनसारणीत (कोणत्या वयापर्यंत किती जण जगतात हे दाखवणाऱ्या तक्त्यात) गफलत होते ती मृत्युदर आणि मृत्यूची शक्यता यांत. पाच वर्षांच्या गटाचा मृत्युदर ०.००२ असेल तर शक्यता थेट ०.०१ धरतात. गटात मरणारे सरासरी अडीच वर्षं जगले असं मानलं, तर ०.०१ ला १.००५ ने भागावं लागतं आणि उत्तर ०.००९९५ येतं. फरक किरकोळ वाटतो, पण पर्याय नेमके याच दोन संख्यांचे असू शकतात. लोक वय ० किंवा ५ ने संपणाऱ्या आकड्यातच सांगतात का, हे दाखवणारा व्हिपल निर्देशांकही असाच पक्का करून ठेवा: २३ ते ६२ वयाच्या लोकांत ० किंवा ५ ने संपणारं वय सांगणारे किती ते मोजा, ५०० ने गुणा आणि त्या वयाच्या एकूण लोकसंख्येने भागा. १०० आलं तर अंकांची आवडनिवड दिसत नाही. ५०० आलं तर एकूण एक माणसाने वय ० किंवा ५ वर गोल करून सांगितलं. १७५ च्या वरची माहिती फारच कच्ची धरतात.

‘कालक्रमाने लावा’ या प्रश्नांसाठी साल लक्षात असणं भाग आहे. रॅव्हनस्टीन (स्थलांतराचे नियम) १८८५, डेव्हिस आणि ब्लेक (जननावर थेट परिणाम करणारे घटक) १९५६, ली (स्थलांतराचा सिद्धान्त) १९६६, झेलिन्स्की (स्थलांतराची संक्रमण-अवस्था) १९७१, बोंगार्ट्स (जननाच्या घटकांचं गणिती प्रतिमान) १९७८. भारतापुरतं १८८१ ची पहिली एकसमयी जनगणना, २००० चं राष्ट्रीय लोकसंख्या धोरण आणि एनएफएचएसच्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या) पहिल्या पाच फेऱ्या: १९९२–९३, १९९८–९९, २००५–०६, २०१५–१६, २०१९–२१.

निकालानंतर पैशांचा विषय. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,००० रुपये. एकूण मुदत ५ वर्षं. वसतिगृहात राहत नसाल तर घरभाडं वेगळं. सामाजिक शास्त्रांसाठी आकस्मिक खर्चाचे पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि पुढे २०,५०० रुपये. रक्कम कॅनरा बँकेच्या पोर्टलमार्फत येते, पण ती आपोआप येत नाही. संस्थेतला एक कर्मचारी माहिती भरतो, तो मेकर. दुसरा ती तपासून मंजूर करतो, तो चेकर. रुजू झाल्यावर तुमची नोंद आधी चढवावी लागते आणि मग दर महिन्याला ‘हा विद्यार्थी काम करतो आहे’ अशी खातरी दोघांनी द्यावी लागते. मेकर रजेवर गेला की तो महिना पुढे सरकतो. पहिल्याच आठवड्यात या दोघांची नावं आणि त्यांचा महिन्यातला ठरलेला दिवस विचारून ठेवा. त्या दिवसाच्या दोन दिवस आधी आठवण करून देणं हे आगाऊपणाचं नाही, ते आपलंच काम आहे.

अडकण्याचं सर्वांत मोठं कारण नाव. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, बँकेत वडिलांच्या नावाचं एकच अक्षर, आणि लग्न झालेल्या मुलींच्या दोन कागदांवर दोन आडनावं. नेटचा अर्ज भरायच्या आधीच आधार आणि बँक खातं यांवरचं नाव सारखं करून घ्या, नंतर एकेक दुरुस्ती महिना खाते. दुसरी गोष्ट खात्याची: आधार खात्याला जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी एनपीसीआयकडे (बँकांमधली देवघेव सांभाळणाऱ्या राष्ट्रीय महामंडळाकडे) तेच खातं नोंदलेलं असणं वेगळं. दोन-तीन बँकांत खाती असतील तर भलतंच खातं नोंदलेलं निघतं. बँकेत जाऊन हा नेमका प्रश्न विचारा.

एसआरएफसाठी समितीसमोर दोन वर्षांचं काम मांडावं लागतं आणि समितीत बाहेरचा तज्ज्ञ लागतो. त्याची तारीख मिळवण्यातच वेळ जातो, म्हणून दुसरं वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी मार्गदर्शकांकडे विषय काढा. जेआरएफ हुकली तर बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, पण दोन फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाहीत. आधीची सोडल्याचं पत्र जपून ठेवा.

आता परिषद. लोकसंख्याशास्त्रातल्या मोठ्या परिषदांचं गणित असं, की कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी सारांश मागवतात. आययूएसएसपी या लोकसंख्या अभ्यासकांच्या जागतिक संघटनेची आंतरराष्ट्रीय परिषद चार वर्षांनी एकदा भरते. ब्रिस्बेनची जुलै २०२५ मध्ये झाली आणि तिचे सारांश सप्टेंबर २०२४ मध्येच घेतले गेले. अमेरिकेतल्या लोकसंख्या अभ्यासकांच्या संघटनेचं, पीएएचंही असंच, वसंतातल्या परिषदेसाठी आदल्या शरदात. म्हणजे हातात निष्कर्ष तयार असावे लागतात. सुमारे २०० शब्दांचा छोटा सारांश आणि दोन ते चार पानांचा विस्तृत सारांश असे दोन भाग मागतात. निवड दुसऱ्यावर ठरते, आणि आपले विद्यार्थी वेळ घालवतात पहिल्यावर.

विस्तृत सारांशात पार्श्वभूमीला अर्धं पान पुरे. ‘भारत हा जगातला सर्वाधिक लोकसंख्येचा देश’ या वाक्याने परीक्षकाला काही कळत नाही. प्रश्न, माहितीचा स्रोत, नमुन्याची संख्या, पद्धत, आणि दोन तक्ते प्रत्यक्ष आकड्यांसह. ‘निष्कर्ष परिषदेत मांडले जातील’ असं लिहिलेला सारांश निवडला जाणं कठीण, कारण निवडणाऱ्यापुढे वाचण्यासारखं काहीच नसतं.

माहिती बहुतेक जण एनएफएचएसची घेतात. पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबं आणि ७,२४,११५ स्त्रिया आहेत. एवढा मोठा नमुना पाहून जिल्हावार सगळंच काढता येईल असं वाटतं, आणि इथेच पेपर कोसळतो. कौटुंबिक हिंसाचार, स्त्रियांचा रोजगार आणि पुरुषांची मुलाखत हे भाग फक्त १५ टक्के कुटुंबांत विचारले गेले; ते राज्यपातळीपर्यंतच चालतात. हिंसाचाराच्या भागात एका घरातून एकाच स्त्रीला विचारलं जातं, म्हणून त्याला स्वतंत्र भार (नमुन्यातल्या प्रत्येकीला हिशेबात किती वजन द्यायचं तो आकडा) लावावा लागतो. फाइलमधला नेहमीचा भार v005 हा दहा लाखाने भागून वापरायचा असतो. भार न लावता काढलेले टक्के अहवालातल्या टक्क्यांशी जुळत नाहीत. म्हणून माझा नियम असा, की नवं काही मोजण्याआधी छापील अहवालातला एक तक्ता स्वतः जसाच्या तसा काढायचा. तो दशांशापर्यंत जुळला की पुढे जायचं.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने डीएचएस या, एनएफएचएससह अनेक देशांच्या सर्वेक्षणांच्या फाइल पुरवणाऱ्या कार्यक्रमाचा निधी थांबवला, तेव्हा परदेशी पोर्टलवर विसंबलेल्यांची फार ओढाताण झाली. परवानगी मिळालेल्या फाइल, त्यांची संकेतपुस्तिका आणि परवानगीची मेल आपल्याकडे नीट ठेवा. ती परवानगी नोंदवलेल्या प्रकल्पापुरती असते, मैत्रिणीला फाइल पाठवणं नियमात बसत नाही.

परिषदेशिवाय ज्या जागांकडे लक्ष ठेवावं त्या अशा: जर्मनीत रोस्टॉकची माक्स प्लांक लोकसांख्यिकी संस्था आणि पीएचडीच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी असलेली युरोपियन डॉक्टरल स्कूल ऑफ डेमोग्राफी; ऑस्ट्रियात लाक्सेनबुर्गला आयआयएएसए या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचा तीन महिन्यांचा उन्हाळी कार्यक्रम, ज्यासाठी भारतीय विद्यार्थ्यांना टायफॅक या केंद्र सरकारच्या तंत्रज्ञानविषयक संस्थेकडून मदत मिळू शकते. घराजवळ पुण्याच्या गोखले संस्थेत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं लोकसंख्या संशोधन केंद्र आहे. पेपर छापायचा तर रोस्टॉकहून निघणारं ‘डेमोग्राफिक रिसर्च’ लेखकाकडून शुल्क घेत नाही, आणि वाचायलाही मोफत आहे.

प्रवासखर्चासाठी सारांश स्वीकारल्याची मेल आली त्याच दिवशी अर्ज करा: आयोजकांकडे, आपल्या संस्थेकडे आणि बाहेरच्या निधीकडे, तिन्ही ठिकाणी, दुसरीकडेही अर्ज केल्याचं प्रत्येक अर्जात लिहून. तिकीट काढण्याआधी कोणत्या विमान कंपनीचं आणि कुणामार्फत काढलेलं तिकीट चालतं, हे लेखा विभागाकडून लेखी घ्या. परतताना बोर्डिंग पास, नोंदणी शुल्काची पावती, उपस्थितीचं प्रमाणपत्र आणि परकीय चलन घेतल्याची पावती एकाच पाकिटात ठेवा. विमानतळावर बोर्डिंग पासचा फोटो काढा. त्यावरची शाई उडते, आणि बिल तपासणाऱ्याच्या टेबलावर तो कागद पोचेपर्यंत त्यावर काही वाचता येत नाही.